दुसरी उडी

बुटांच्या खोक्यातून निघाले ते,
सदतीस फोटो, काड्यापेटीहून जेमतेम मोठे,
कडा नागमोडी कातरलेल्या,
आणि वास, शप्पथ सांगते, ओल्या लोकरीचा.
सोबत फ्लावियाबाईंची चिठ्ठी:
हॉटेलच्या जिन्यासाठी सहा हवेत,
दीड मीटर उंच, कॅनव्हासवर.
समुद्र जरा निळा करा. डाग नकोत.

डागांवरच माझं पोट आहे.
त्रिएस्तेत या कामाचे आता आम्ही दोघंच उरलो,
आणि दुसऱ्याला मोतीबिंदू.

पहिले पाच सरळ होते.
बारकोलाच्या दगडी कठड्यावर पाय सोडून बसलेल्या मुली,
टरबूज कापणारा एक टक्कल पडलेला मामा,
पाण्यात नुसतीच डोकी, सुटी सुटी,
कुणीतरी पिशवीतून सांडल्यासारखी.
बुरशी पुसली, घडीची रेघ बुजवली,
समुद्राला निळा दिला,
त्या दिवशी नक्कीच नसलेला.

सहावा फोटो व्हिदाचा.
नाव मागच्या बाजूला. पुढे ती हवेत:
हात पुढे, कोपर किंचित वाकलेलं,
पायाची बोटं फाकलेली, जणू हवेलाही धरून पाहावं.
पाण्याला अजून काही कळलेलं नाही.

स्कॅनरने तिला चाळीस पट मोठी केली
तेव्हा नितंबापाशी एक डाग दिसला.
मी पुसायला घेतला, निम्मा पुसलाही,
मग चष्मा लावला.
डाग नव्हता तो, रफू होतं.
दुसऱ्या रंगाच्या लोकरीचं, घाईत घातलेलं,
एक टाका सुटून लोंबणारं.
मी मुकाट्याने मागे आले, टाक्यामागे टाका,
तिचं रफू तिला परत केलं.
तिनंही असंच रात्री दिव्यापाशी बसून
भोक बुजवलं असेल, सकाळी समुद्र होता म्हणून.

खाली, दगडावर, एक लांबट सावली:
टोपी, खांदा, पोटाशी धरलेला कॅमेरा.
फ्लावियाबाईंनी त्यावर लाल गोल केला होता.
"हा काळा ढग काढा."

तेवढ्यात मी फोटो पालथा केला.
पेन्सिल, फिकट, स्लोव्हेन भाषेत.
ही भाषा मला भाजीवाल्यापुरती येते,
आणि तेव्हा ती शाळेत तोंडातून निसटली
तर हातावर वळ उठायचे,
म्हणून असेल, अक्षर इतकं बारीक:
"व्हिदा. दुसरी उडी.
पहिलीच्या वेळी आल्बिन शिंकला."

मग मी बराच वेळ काहीच केलं नाही.
कॉफी गार झाली.
पहिली उडी कुठे आहे?
कुणीच न टिपलेली, कोरडे केस, खरी भीती,
आणि काठावर तो शिंकणारा,
आणि ती पाण्यातून वर येऊन ओरडली असणार,
"मिळाली का?"
आणि तो "नाही",
आणि ती हसत, ठेचकाळत, निथळत पुन्हा वर,
भिजून दुप्पट जड झालेली लोकर गुडघ्यांकडे ओघळतेय,
पुन्हा त्याच दगडावर.
म्हणून केस ओले आहेत. आत्ता दिसलं मला.
उडीआधीच ओले.

ढग काढला.
ऑर्डर म्हणजे ऑर्डर.
डावीकडचा दगड उचलून आल्बिनवर ठेवला,
कडा घासली, उन्हाची तिरीप ओढली.
आता ती कुणीही बघत नसताना उडी मारते,
आणि जिन्यावरून बॅगा ओढत जाणारे
ऑस्ट्रियन पाहुणे म्हणतील, किती मोकळी!

फोटोला पाठ असते.
कॅनव्हासला नसते. तिथे भिंत असते.

बिल केलं.
बुरशी, सहा ठिकाणी. घड्या, अकरा.
ओरखडे, ठोक भावाने.
सावली, एक.
शिंक, एक: सापडली नाही, आकार नाही.

चार दिवसांनी फ्लावियाबाईंचा फोन.
शेवटची ओळ काय आहे म्हणे, छपाईची चूक?
बाहेर बोरा सुटला होता,
खिडक्या दात वाजवत होत्या,
मी "हॅलो, हॅलो" करत राहिले,
तेवढ्यात मलाच शिंक आली.