ळ

तीस दिवस, पन्नास हजार शब्द.
पुण्याच्या प्रकाशकाची मुदत: तीस नोव्हेंबर, मध्यरात्र.
म्हणजे आमच्या डंडीत संध्याकाळचे साडेसहा.
तोवर इथे अंधार पडून जुना झालेला असतो.

मी कवळ्या बनवते.
मेणात दात बसवते, बत्तीस नाही, अठ्ठावीस;
अक्कलदाढा कुणी परत मागत नाही.
कादंबरी फोनवर लिहिते,
बसमध्ये, शिंक्याच्या कपड्यांच्या रांगेत,
प्लास्टर घट्ट होईपर्यंतच्या अकरा मिनिटांत.
मोराग विचारते, आज किती?
मी शब्द सांगते. ती दात मोजत राहते.

सतराव्या दिवशी फोन फरशीवर पडला.
काच तडकली, आणि नेमका एक ठिपका बधिर झाला,
इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखा.
त्याच्याखाली होता ळ.
दुरुस्तीवाला म्हणाला, आठवडाभर ठेवून जा.
आठवडा म्हणजे सहा प्रकरणं.

कादंबरी होती कमळजाची,
गडहिंग्लजला टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईची.
तिचं नावच गेलं.
आठ दिवस ती नुसती 'ती'.
आभाळाचं आकाश केलं, सकाळची पहाट.
केळी काढून पेरू दिले.
भाच्याला शाळेत न घालता
एकदम कचेरीत चिकटवला.
हळू चालणारी माणसं सावकाश चालू लागली,
ते एक बरंच झालं.

पण नवरा गेला त्या रात्री
तिला मोकळं रडायचं होतं.
'मनसोक्त' लिहिलं. खोडलं.
लग्नात जेवल्यासारखं वाटलं ते.

थांब्यावर, नदीकडून वारा,
हातमोजा दातात धरून
जुने निरोप चाळत बसले.
अप्पांचा शेवटचा, दोन वर्षांपूर्वीचा:
वेळच्या वेळी जेव. कालचा भात ठेवू नकोस.
दोन ळ.
एक उघडा, एक वेलांटी पांघरलेला.
उघडा उचलला, आणला, चिकटवला.
मोकळं.
रडली बिचारी.
माझी बस गेली.

मग सगळे तिथूनच.
मागचे सुद्धा. उचल, आण, चिकटव.
चारशेच्या वर असतील.
अप्पांनी जन्मात कादंबरी वाचली नव्हती;
पाटबंधारे खात्यात ते धरणाची पातळी लिहायचे,
रोज सकाळी, एक आकडा.

सहा वाजून बावीस मिनिटांनी फाइल गेली.
मोरागने अर्धा शिळा डोनट पुढे केला.

रात्री वाचताना दिसलं,
शेवटच्या पानावर एक राहूनच गेलाय:
कम जा खिडकीशी बसली.
दुसऱ्या दिवशी मोरागला दाखवलं.
तिला लिपी येत नाही, फट कळते.
चष्मा वर करून म्हणाली,
इथे काहीतरी बसवायचं राहिलंय.