बिनभाराचे बारा

परवा पहाटे लाईट गेली, आली, गेली, आली.
चौथ्यांदा आली तेव्हा टीव्हीखालचा काळा डबा
तेवढा आला नाही.
दिवा नाही, पंखा नाही,
पोटात दोन डिस्क घेऊन गप्प,
औसा मागं गेलं तरी न उठणाऱ्या प्रवाशासारखा.

शाल्मलीनं पहिल्या पगारातून घेतलेला.
कोचीहून ती म्हणाली, बाबा, बोर्ड गेलं असेल,
नवा मागवते, पत्ता तोच ना?
म्हणालो, थांब.
एकतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये
पोरांच्या हातात गॅल्व्हानोमीटर दिले,
परीक्षेत निम्म्यांची रीडिंगं मीच पुटपुटलो,
मेला म्हणायच्या आधी नाडी तरी बघू दे.

सॉकेट बदललं. मिक्सरचं, मग देवघराजवळचं.
बटण दाबून धरलं, तीस आकडे मोजत.
डिस्क काढून पाटावर उताण्या ठेवल्या,
रिकाम्या पोटी तरी उठतो का बघितलं.
मागच्या जाळीतून निघाली कोळिष्टकं,
मुंग्यांचं एक बिऱ्हाड,
आणि अक्षतांतला एक पिवळा ज्वारीचा दाणा,
कुणाच्या लग्नातला, कोण जाणे.

शेवटी मल्टिमीटर.
ॲडॅप्टरच्या टोकाला बारा पूर्णांक एक. ठणठणीत.
बायको म्हणाली, बघा, ते तर बरोबर हाय,
उगं कशाला जीव काढायलाव त्या डब्याचा?

इथंच कच्चं पोर फसतं.
सरांची पाठ वळली की मी कितीदा सांगितलंय,
बिनभाराचे बारा हे बारा नसतात.
काही मागू नका, तो पूर्णच दाखवील.

लोखंडी पेटीतून ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा बल्ब काढला,
दोन तारा, दोन चिमटे.
चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्याइतका लाल झाला
आणि आकडा घसरत साडेतीनवर.
सापडलास.

(मलाही विचारतात, तब्येत कशी?
मस्त, म्हणतो.
जिना लागेपर्यंत मस्तच असतो.)

पाण्याच्या फिल्टरची पिन बसत होती,
पण तो चोवीसचा. पिन बसते म्हणून लावायचं नसतं,
ह्याच हौसेत एका पोरानं
अख्खा पोटेन्शिओमीटर धुरात घातला होता.

गंजगोलाईत मोहसीन काझींचं भांड्यांचं दुकान.
त्यांच्या कॅमेऱ्यांचा मात्र बारा व्होल्ट, पाच ॲम्पियर.
घेऊन जा की मास्तर, म्हणाले
(मी मास्तर कधीच नव्हतो),
एका रातीत कोण पातेली पळवतंय?
दुकानाचे चारी डोळे मिटले.

रात्री नऊला पिन लावली.
आधी पंखा, एक खोकला आणि धूळ.
मग पहिली डिस्क, लांब कुणी सुपारी कातरावी तशी.
मग बराच वेळ नुसता निळा दिवा लुकलुकत,
बायको पिठाच्या हातानं दोनदा येऊन गेली.
मग दुसरी.

आत काय, तर एक फोल्डर, ‘नंतर बघू’.
इतक्या वर्षांत कुणीच नंतर बघितलं नव्हतं.
पाण्याच्या रेल्वेचा व्हिडिओ,
त्यात रेल्वे कमी, माझा अंगठा जास्त.
स्कूटीची पावती.
शेवटच्या बॅचचा फोटो, सगळे आहेत, शिपाईसुद्धा,
मी नाही,
तो मीच काढलेला.

शाल्मलीला कळवलं, उठलाय, सगळं उतरवून घे,
ॲडॅप्टर परत द्यायचाय.
पट्टी सरकू लागली. चौदा तास, म्हणाली.
काझी दुकान उघडतात दहाला.

मी टॉर्च घेतली, मफलर घेतला.
आता ह्या वक्ताला कुठं निघालाव?
काझींच्या पायरीवर बसतो जरा, म्हणालो,
त्यांचे कॅमेरे बंद हायेत.