विसरायचे शब्द

तार्तूच्या प्रयोगशाळेत
हेल्वेबाईंना पडद्यावर शब्द दाखवतात.
किटली. खाली: लक्षात ठेवा.
बूट. खाली: विसरा.
शिडी, विसरा. बदक, ठेवा.

बाई हसतात. विसरणं? अगं पोरी,
त्याचाच तर पगार घेतला मी अठ्ठावीस वर्षं,
विल्यांदीच्या टेलिफोन एक्सचेंजात.
या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं,
प्लग उपटला की गाव कोरं.
कुणाचं लग्न मोडलं, कुणी कुणाला काय कबूल केलं,
घरी पोचेपर्यंत हातात फक्त
पावाची पिशवी.

अर्ध्या तासानं मुलगी विचारते, काय आठवतं?
किटली गेली. बदक उडालं.
बूट, म्हणतात त्या. शिडी. बूट.
मुलगी मान वर न करता लिहून घेते:
वयानं होतं असं, झाकण सैल होतं.

झाकण.
हेल्वेबाई चष्मा पुसत राहतात.
एकाहत्तरचा फेब्रुवारी, रात्रपाळी,
लांबचा कॉल, तीन मिनिटांचा.
एक बाई कुणाला तरी सांगत होती,
बूट पाठवू नका आता. ते एकतीस नंबरचे.
का, ते पलीकडून कुणी विचारलं नाही.
उरलेली दोन मिनिटं
लाइनवर नुसती खरखर
आणि प्लग हेल्वेबाईंच्या बोटांत.

तेव्हा विसरल्या होत्या, अगदी व्यवस्थित.

परतताना बसथांब्यावर
कुणाच्या तरी पोराची नाडी सुटलेली दिसते.
त्या खाली वाकतात,
गुडघे नको नको म्हणत असताना,
आणि बांधण्याआधी
तळव्यावरचा नंबर बघतात.