सहावी चाचणी, ओउलू

नियम पहिला: बोलायचं नाही.
म्हणून मी हात मांडीखाली दाबून बसलोय,
मदतीला धावतात ते.

त्यूने हाउताला, वय एक्क्याऐंशी.
बर्फातले बूट दाराशी काढून
लोकरी मोज्यांवर आत आली;
एका मोज्याची टाच नंतर विणलेली, वेगळ्या रंगाची.
टेबलावर आमचं गोळ्या देणारं यंत्र:
पांढरं, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं.
बक्षीस मिळालंय त्याला.
कुठे दाबायचं ते दिसत नाही,
बहुधा त्याचंच.

ती आधी त्यावरून हात फिरवते,
आंधळ्या कोशिंबिरीत सापडलेल्या गड्याच्या
चेहऱ्यावरून फिरवावा तसा.
मग झाकण समजून दाबते
जे झाकण नाही ते.
थांबते. यंत्रही थांबतं.
दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात.

"माझंच काहीतरी चुकलं असेल."
वहीत हे वाक्य सहाव्यांदा.
सहा माणसांच्या चुका सहा तऱ्हेच्या,
माफी मात्र शब्दाला शब्द तीच.

शेवटी पडदा उजळतो:
तुम्हाला नक्की खात्री आहे?
ती चष्मा कपाळावर सरकवते.
"कशाची?
इतकी खात्री मला लग्नाच्या दिवशीही नव्हती."

आणि सांगू लागते,
चाचणीत कुठेच न बसणारं:
केमीचं टेलिफोन एक्स्चेंज, अठरा वर्षं, बहुतेक रात्रपाळी.
"पितळी खुंटी भोकात बसली की टक्.
हातालाच कळायचं.
बोलणं संपलं की छोटा दिवा लागायचा.
चुकलं तर खुंटी उपटायची, दुसरीकडे लावायची,
खात्री आहे का म्हणून कोण विचारतंय!
वीज गेली असती ना, तरी अंधारात
अख्खं केमी जोडून दिलं असतं मी."

बोलताना तिची बोटं
रिकाम्या टेबलावर खुंट्या लावतात, काढतात,
एकदाही न अडखळता.

माझ्या तक्त्यात रकाने आहेत:
लागलेला वेळ, चुका, समाधान एक ते पाच.
टक् कुठे लिहू?

बूट चढवताना विचारते, "पास झाले का मी?"
पाठ केलेलं उत्तर देतो:
परीक्षा तुमची नव्हती, यंत्राची होती.
"अस्सं? मग करा त्याला नापास."
टोपी कानांवर ओढत दारातून वळते.
"पण ज्यानं बनवलं त्याला रागावू नका हं.
लहान असेल.
अजून गोळ्या लागत नसतील त्याला."