मुदत बारा तास

मासेरूहून निघालेली टॅक्सी सात तासांनी
मोखोटलाँगला पोचली, तेव्हा
लोकर-संघाच्या ऑफिसात प्रिंटर पुन्हा हरवला होता.
हरवला म्हणजे होता जागेवरच,
खिडकीखाली, अंगावर कुणाची तरी घडी केलेली घोंगडी,
पण एकाही कॉम्प्युटरला सापडत नव्हता.
"काल त्रेसष्ट होता," म्मे मालेफा म्हणाल्या,
"आज त्रेसष्टवर न्ताते फोलोंचा लॅपटॉप निघाला."
पत्ते त्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहायच्या.
खोडून खोडून तिथला कागद पातळ झालेला.

मी टेबलाखाली वाकले.
तारांचं जंजाळ, धूळ, अंगोरा शेळीच्या केसांचा पुंजका,
आणि त्यात एक पांढरी डबी, हिरवा डोळा मिचकावत.
काट्लेहोनं घरून आणलेली, फोनला वायफाय मिळावं म्हणून.
तीही बिचारी इमानेइतबारे पत्ते वाटत होती.
एका खळ्यावर दोन मापाडी.
मी तार उपटली.
काट्लेहो तेवढ्यात पाणी आणायला गेला.

मग सर्व्हर. यंत्र जुनंच, खोकणारा पंखा.
त्याला सांगितलं: पन्नास ते एकशेवीस तुझे,
येईल त्याला दे, पण कायमचा देऊ नकोस.
मुदत बारा तास.
निम्मी सरली की ज्याची त्यानं वाढवून घ्यावी,
निघून गेला तर जागा मोकळी.
प्रिंटरला मात्र दहा, दुसऱ्या कुणाला नाही.
त्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचताना
टॉर्च दातात धरावा लागला.

"बघा," मी म्हटलं, "लॅपटॉप जागा होतो
तेव्हा त्याला स्वतःचाच पत्ता ठाऊक नसतो.
तो अख्ख्या खोलीला ओरडून विचारतो, कुणी आहे का?
सर्व्हर म्हणतो, आहे. चौसष्ट घेतोस?
तो म्हणतो, चौसष्ट चालेल.
सर्व्हर म्हणतो, ठरलं."
पापणी लवायच्या आत.
न्ताते फोलो हसले: "आमच्यात एवढ्या बोलणीला
दोन म्हातारे आणि अख्खा दिवस लागतो."

बाहेरचं नाव विचारलं तर हा म्हणेल,
मला ठाऊक नाही, वर विचारून सांगतो.
आणि खरंच विचारेल.
"जिल्हा कचेरीत असा कुणी भेटला तर कळवा."

नावं मी सावकाश लिहिते.
माझ्या वडिलांना वेल्कमच्या खाणीत नंबर होता,
पगाराच्या खिडकीशी त्याच नंबराची हाक.
सुट्टीवर घरी आले की पहिले चार दिवस
आई नावानं हाक मारायची
आणि ते वळायचेच नाहीत.

प्रिंटरचं नाव सगळ्यांनी मिळून ठेवलं पोली.
पोली म्हणजे शेळी,
कारण दिसेल तो कागद चावते.

म्मे मालेफा उशिरापर्यंत थांबल्या.
म्हणाल्या, लग्नाच्या दिवशी सासरच्यांनी
नाव दिलं: लेफाची आई.
लेफा आला सहा वर्षांनी.
"सहा वर्षं हाका यायच्या. मी ओ द्यायचे.
नावाच्या मागं कुणी नव्हतं."
जरा थांबून त्यांनी विचारलं,
मे महिन्यात नवा कॉम्प्युटर येणार आहे,
त्याचं नाव आत्ताच लिहिता येईल?

"येईल. पण तोवर कुणी हाक मारली
तर पलीकडून उत्तर नाही."
"चालेल," त्या म्हणाल्या. "सवय आहे."

त्यांनी नाव सांगितलं.
मी स्पेलिंग विचारलं, दोनदा,
आणि पुढे लिहिलं: अकरा.
पोलीनं पावतीचा कोपरा चावला.