खूण नसलेला

पिक्रिक आम्लाचा पिवळा बोळा
पहिल्याच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर,
तिसऱ्याच्या शेपटीच्या बुडाशी,
चौथ्याला डोकं आणि पाठ, पाचव्याला पाठ आणि शेपूट.
सहाव्याला काही नाही.
काही नसणं हीच त्याची खूण.
असे सहा-सहाचे पाच पिंजरे,
आणि माझी बोटं पिवळी.
आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, हळद कुणाची गं?

बाहेर लातूरला बेचाळीस अंश,
वसतिगृहाच्या नळाचा नववा कोरडा दिवस.
आत बावीस. उंदरांना गाळलेलं पाणी,
रात्री दोनलाही नळी चाटल्याचा आवाज,
टिक, टिक टिक.
एकदा मी त्यांच्याच कॅनमधून माझी बाटली भरली.
मन्मथअप्पांनी पाहिलं
आणि पाहिलं नाही.

भुईआवळी भुजंगमामाची.
निलंग्याच्या पुढं, त्याच्या धुऱ्यावरची, सावलीत वाळवलेली.
रविवारी दिवस उगवायच्या आत
तो ती ताकात वाटून देतो. तेल बंद, मीठ बंद.
पैसे घेत नाही, पाल्याचं नाव सांगत नाही,
सांगितलं की गुण जातो म्हणतो.
मला सांगितलं.
मी ते लॅटिनमध्ये लिहिलं,
आणि त्याच्या नावाच्या जागी : स्थानिक माहितीदार.

काय करायलीस त्या पाल्याचं?
उंदरांना देते, मामा.
उंदराला कावीळ होती का?
होत नाही. आपण करायची.
मागं कुठंतरी मोटार चालू होती, तेवढीच ऐकू आली.
मग म्हणाला,
औषध देणाऱ्याच्याच हातानं?

मी मामीचं नाव काढलं नाही.
मामीला त्यानं एकवीस दिवस दिलं होतं,
तिचे डोळे शेवटपर्यंत पिवळेच राहिले.
एक माणूस म्हणजे नमुना होत नाही,
म्हणून तर तीस उंदीर, असं सांगायचं होतं.
त्यानं फोन ठेवला नव्हता,
पण बोलतही नव्हता.

पॅरासिटामॉल. तीच, तापाची,
किराण्याच्या दुकानात सुट्टी मिळणारी.
वजनाच्या हिशोबानं, सुईच्या बोथट टोकानं, थेट पोटात.
पहिल्यांदा माझा हात थरथरला,
तेव्हा शिरुरे मॅडम म्हणाल्या, मान घट्ट धर,
सैल धरलेल्याला जास्त दुखतं.
चौथ्या दिवसापासून हात थरथरला नाही.
त्याचीच जास्त भीती वाटली.

शेवटच्या सकाळी अप्पांनी किल्ल्या खुंटीला लावल्या,
सदऱ्याच्या आत गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला,
मी भायेर हाय म्हणाले,
आणि लिंबाखाली पाठ करून बसले.

दुसऱ्या पिंजऱ्याची यकृतं पिवळट, ठिपक्यांची.
चौथ्याची गुळगुळीत, तपकिरी,
जशी पुस्तकात असतात.
पाचव्याची, जास्त मात्रेची, थोडी कमीच बरी.
का, ते ठाऊक नाही.
पहिल्या पिंजऱ्याला ना विष दिलं होतं ना औषध,
नुसतं डिंकाचं पाणी, तुलनेसाठी.
तिथला खूण नसलेला
माझ्या बाहीत शिरायचा, उबेला.
त्याला काहीच झालेलं नव्हतं.
सात ग्रॅम तेवीस, मी वहीत लिहिलं,
आणि तेविसातला तीन पुन्हा गिरवला.

दुसऱ्या दिवशी अप्पा पिंजरे घासत होते,
काथ्यानं, कोपरे कोपरे,
टँकर आला होता म्हणून पाणी बरंच होतं.
मान वर न करता विचारलं,
गुण आला का?
आला, म्हटलं. चौथ्या पिंजऱ्याला.
त्यांनी त्या रिकाम्या पिंजऱ्याकडं पाहिलं,
आणि तोही घासायला घेतला.