डीक

फॅक्टरी बंद पडली त्याला अकरा वर्षं झाली.
वाळपईच्या त्या शेडमध्ये आता
कोणीतरी टाइल्स रचून ठेवल्यात.
तरी मार्च उतरणीला लागला
आणि म्हाऊसच्या बाजूने वारा
बोंडूंचा आंबूस वास घेऊन आला
की माझी तीन बोटं पेटतात.
उजव्या हाताची. हीच तीन.

डॉक्टर नोरोन्हांनी भिंग लावून पाहिलं.
म्हणाले, कातडी नवी आहे, सुलक्षाबाय,
जुनी केव्हाच गळून गेली.
मग दुखतं ते कोणाचं, मी विचारलं.
ते हसले जरासे,
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

काम तसं साधं होतं.
भाजलेली बी, लाकडी हातोडा, टक्,
गर अख्खा निघाला पाहिजे.
तुकडा पडला की मजुरी अर्धी.
बोटांना राख चोळायची, खोबरेल चोळायचं,
डीक तरी आत शिरायचाच.
मुकादम मागून फिरायचा.
त्याच्या चपला माझ्या पाठीशी थांबल्या
की डीक कडकडून चावायचा,
पुढे गेल्या की नुसता चुरचुरायचा.
मला वाटायचं, डीकच तसला, लहरी.

शनिवारी पगार.
शनिवारी हात दुखल्याचं
मला एकदाही आठवत नाही.
शनिवारच्या बिया काय वेगळ्या झाडाच्या होत्या?

आणि फिलू.
फिलू शेजारी बसून आपल्या सासूची नक्कल करायची,
चर्चला निघालेली सासू, टाचेत मोडलेला बूट,
तोंडात जपमाळ, डोळा कोंबडीवर.
असं हसता हसता एकदा
हातोडा अंगठ्यावर बसला माझ्या.
कळलं कधी? रात्री, भात कालवताना.
नख काळंनिळं,
आणि मी त्याच्याकडे पाहिल्यावर मग ते ठणकायला लागलं,
जणू माझ्या परवानगीसाठी थांबलं होतं.

गेल्या महिन्यात नात पडली, शाल्मी,
अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवर.
गुडघा सोलवटला. रडली नाही.
मान वर करून माझ्याकडे बघत राहिली,
बाजारात बांगड्याचा भाव ऐकायला
गिऱ्हाईक थांबतं तशी.
केवढ्याचं हे, आजी?
काही नाही गं, असं मी म्हणणार होते,
अगदी ओठांवर होतं,
पण चेहऱ्याने आधीच भाव सांगून टाकला होता.
मग ती जे रडली,
शेजारचे प्रभाकर गावस कामावरून उठून आले.

कुणी शिकवलं हे माझ्या चेहऱ्याला?
आई माझी विंचू चावला तरी कण्हत नसे,
पण गावात कुणाच्या घरी माणूस गेलं
की तिचे गुडघे धरायचे, आठवडाभर.
मी चुलीपाशी बसून ते बघायचे.
बघायचे म्हणजे काय,
मूल असतं, बसलेलं असतं तिथे.
वही नाही, पाटी नाही,
तरी कोणीतरी आत लिहून घेतच असतं,
आणि ते पान काढून दाखव म्हटलं
तर सापडत नाही.

काल संध्याकाळी वारा फिरला.
गावसांच्या काजीत बोंडू मळायला घेतलेत,
वास थेट पडवीपर्यंत.
मी बोटं झटकली, सवयीने,
पाण्यातून काढल्यासारखी.
समोर शाल्मी चिरमुरे खात होती.
तिने हातातले चिरमुरे खाली ठेवले
आणि बोटं झटकली.
तीनच.
सहा वर्षांची पोर. बी कधी फोडली नाही.
फॅक्टरी बघितली नाही. डीक म्हणजे काय, माहीत नाही.
काय झालं गं, मी विचारलं.
चुरचुरतंय, म्हणाली.

तिची डाव्या हाताची होती, माझी उजव्या.
समोर बसून शिकली ना.

मी हात पदराखाली घेतला.
वास येतच होता.